कंबरदुखीसाठी ऑर्थोपेडिक, फिजिओ आणि वर मानसशास्त्रज्ञ, इतके जण खरंच लागतात का? नागपुरात एक चांगला डॉक्टर पुरेसा नाही का?

दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं असेल तर एकटा डॉक्टर बरेचदा पुरत नाही. पण चौघं चार दारांत बसून चार गोष्टी सांगत असतील, तर त्याने माणूस आणखी खचतो. माझं तेच झालं.

२०२२ चा मे महिना. मानेवाड्याच्या घरी कूलरमध्ये पाणी टाकायला भरलेली बादली छातीपर्यंत उचलली आणि कंबरेत अशी कळ गेली की बादली तिथेच सुटली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणक्यांमधली गादी सरकली आहे, वाकू नका. फिजिओ म्हणे वाका. तिसरे इंजेक्शन घ्या म्हणाले. मी घाबरून पहिल्यांचंच धरून बसले. सहा महिने झाडू हातात घेतला नाही, खाली पडलेला चमचासुद्धा मुलाला हाक मारून उचलायला लावायचे. शाळेतून बिनपगारी रजा.

मग दुसऱ्या एका फिजिओ बाईंनी माझ्यासमोरच त्या पहिल्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, यांना वाकायला मनाई आहे का?" पलीकडून आवाज आला, "नाही हो, नस मोकळी आहे. मी पहिल्या दोन आठवड्यांसाठी म्हटलं होतं." दोन आठवडे! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच रडले.

त्या फिजिओ बाईंनीच मला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं, कारण झोप उडाली होती आणि बादली नुसती दिसली तरी पाठ आखडायची. घरात गहजब झाला. माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, नवऱ्याला म्हणाले, "तिले मेंटलच्या डॉक्टरकडे काहून नेऊन रायला बे? पट्टा बांध म्हणा, वजन लावा, पडून राहा." ते वाक्य मला अजून टोचतं. दुखणं खरं असतं म्हणूनच त्याची भीती बसते, आणि भीतीने आखडलेली पाठ जास्त दुखते. यात वेडाचा काय संबंध?

तिघांनी माझी एकच वही ठेवली. जो तपासेल त्याने तारीख घालून लिहायचं, दुसऱ्याने ते वाचून पुढचं सांगायचं. आधी तांब्याभर पाणी असलेली बादली, मग पाव, मग अर्धी. वही सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात मी पुन्हा वर्गात उभी राहिले.

हा माझ्या एकटीचा अनुभव म्हणून सोडू नका. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या अभ्यासात, ४१ चाचण्या आणि ६,८५८ रुग्ण होते. जुनाट कंबरदुखीत अशा एकत्रित उपचारांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा दुखणं आणि अडचण कमी झाली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि भासऱ्यांच्या पट्ट्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीला पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून ओढणं) सरसकट देऊ नका असंच म्हटलंय. आणि एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. काहीच दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांपैकी साधारण निम्म्यांच्या एमआरआयमध्ये ती दिसते.

नागपुरातच सगळं एका आवारात हवं असेल तर मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, हाडांचा, मानसोपचाराचा आणि फिजिओथेरपीचा विभाग आहे. पण कागद एका खिडकीतून दुसरीकडे तुम्हालाच न्यावा लागेल. खाजगीत जायचं तर पहिल्याच दिवशी विचारा, "तुम्ही माझ्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन कराल का?" कां-कूं केली तर दुसरीकडे जा.

एक राहिलंच, आणि ते महत्त्वाचं आहे. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठा. ताप, उतरणारं वजन, आधी झालेला कॅन्सर किंवा टीबी असेल तरीही आधी तपासणी. आणि माझी कंबर पूर्ण बरी झालेली नाही. थंडीत सकाळी धरते.

गेल्या दिवाळीपासून भासऱ्यांचीच कंबर धरली आहे. पट्टा बांधून पडून असतात. मी बर्डीवरून एक वही आणून त्यांच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, मी सोबत येते. अजून ते हो म्हणाले नाहीत, पण वही त्यांनी परतही केली नाही.