आधी वडिलांचे रक्त, मग तुझे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

वडिलांच्या मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठी) सापडले आणि डॉक्टरांनी ‘फॅमिलियल अॅडिनोमॅटस पॉलिपोसिस’ असे निदान केले, हे तुझ्या पत्रातून कळले. तुला काहीच त्रास होत नसल्याने तुझी चाचणी लग्नानंतर बघू, असे घरचे म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही.

पाचव्या गुणसूत्रावरील एपीसी या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो आणि तो असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पॉलिप बहुधा किशोरवयातच उगवू लागतात, पण ते दुखत नाहीत. शौचावाटे रक्त पडले तरी आपल्याकडे मूळव्याध समजून ते अंगावर काढले जाते. मोठे आतडे वेळीच काढले नाही, तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो.

आधी वडिलांचे रक्त तपासून घ्या. त्यांच्यातील नेमका दोष सापडला, तरच ‘तुझ्यात तो नाही’ या अहवालावर विसंबता येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी जनुकीय समुपदेशन मिळते.

दोष नसेल, तर तू आणि तुझी पुढची पिढी या काळजीतून मोकळी. असेल, तर दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करावी लागेल (आदल्या रात्रीचे जुलाबाचे औषध हाच त्यातला खरा जाच) आणि पॉलिपांची संख्या व आकार पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरेल. मोठे आतडे काढून लहान आतडे गुदाशयाला (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला) जोडतात किंवा गुदाशयही काढून लहान आतड्याच्याच टोकाची पिशवी शिवतात. ही दुसरी पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी 1978 मध्ये मांडली. मलासाठी पोटावर लावायची कायमची बाहेरची पिशवी आता बहुतेकांना लागत नाही. मात्र ओटीपोटातील शस्त्रक्रियेने गर्भधारणा अवघड होऊ शकते, म्हणून हा प्रश्न सर्जनना न संकोचता आधीच विचार. पुढेही जठर आणि ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) दुर्बिणीतून तपासत राहावे लागते.

धाकट्या भावालाही सोबत ने. ही तपासणी दहाव्या-बाराव्या वर्षापासून सुरू करतात आणि तो तर चौदाचा आहे. वडिलांचा बायोप्सीचा अहवाल जवळ ठेव. आजोबा ‘पोटाच्या विकाराने’ गेले असे सारे सांगतात. ते कोणत्या वयात गेले आणि नेमके काय होत होते, हे आत्याला विचारून लिहून ने.