माल घाटाखाली उतरवा, मग पडू दे काय पडायचा तो पाऊस

वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की आमच्याकडे पावसाळी कंटेनरचे प्रश्न येतात, यंदाही आलेत. त्यातले चार घेतलेत, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच येतात.

प्रश्न : चाकणला आमचं छोटं युनिट आहे, ऑटो पार्ट एक्सपोर्ट करतो, साधारण दर आठवड्याला एक वीस फुटी कंटेनर न्हावा शेवा बंदराला जातो. मागच्या जुलैत गाडी घाटात अडकली, कट-ऑफ (बंदराने माल आत घ्यायची शेवटची वेळ) गेला, माल शट आउट झाला, म्हणजे जहाजावर चढलाच नाही, वर बायरचा खरमरीत मेल. पावसाळ्यात गाडी नक्की किती आधी सोडायची? ट्रान्सपोर्टर म्हणतो एक दिवस भरपूर झाला.

उत्तर : ट्रान्सपोर्टर बरोबर बोलतोय, पण ते डिसेंबरातलं गणित. चाकण ते न्हावा शेवा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, घाट मोकळा असला तर रात्री निघालेली गाडी सकाळी गेटवर उभी. पण रिकामा कंटेनर आधी खालून, पनवेल-उरणच्या यार्डातून वर आणावा लागतो ना, म्हणजे एका शिपमेंटला तोच बोरघाट दोनदा, आणि जुलैत त्यातली एक फेरी तरी रखडणार असं धरूनच चाला.

जहाज कधी सुटणार ती तारीख बाजूला ठेवा, टर्मिनलचा गेट कट-ऑफ घ्या आणि तिथून उलटं मोजत या. कट-ऑफच्या दोन दिवस आधी भरलेला कंटेनर घाटाखाली पाहिजे, त्याच्या आदल्या दिवशी स्टफिंग (डब्यात माल भरणं), आणि रिकामा डबा त्याच्याही एक-दोन दिवस आधी तुमच्या गेटच्या आत. लाइन (जहाज कंपनी) रिकाम्या डब्याला किती दिवस फ्री देते ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, नाहीतर पावसापासून वाचाल आणि डिटेन्शनमध्ये (डबा जास्त दिवस ठेवल्याचा आकार) जाल.

आता तुम्ही म्हणाल इतक्या लवकर खाली नेऊन करायचं काय, गेट उघडायच्या आधी टर्मिनल आत घेत नाही. खरंय. पण फॅक्टरीत सील केलेल्या एक्सपोर्ट कंटेनरसाठी बंदराचा पार्किंग प्लाझा आहे, सीएफएस (बंदराबाहेरची कंटेनर गोदामं) आहेत, ट्रान्सपोर्टरचं कळंबोली-पनवेलला यार्ड असतं. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे, दोन-तीन दिवस भरावे लागतील, ते शट आउटच्या खर्चापुढे काहीच नाहीत. फक्त ते यार्ड एकदा भर पावसात स्वतः जाऊन बघा. उरणकडचा बराचसा भाग खाडीचा, भराव टाकून केलेला, भरतीच्या वेळी पाऊस लागला की पाणी जायला वाटच नसते. डबा चासीवर असला तर निदान मीटरभर उंच तरी असतो, जमिनीवर उतरवून ठेवणार असतील तर खालच्या थरात ठेवू नका म्हणून आधीच सांगा.

हवामान बघताना सगळे पुण्यातल्या शिवाजीनगरचं आभाळ बघतात. इथे छान ऊन असतं आणि लोणावळ्यात तेव्हाच बदाबदा कोसळत असतो. हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो बघा आणि रायगडचाही. चोवीस तासांत ११५.६ मिमीच्या वर म्हणजे अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्याला ऑरेंज लागला की त्या दिवशी निघायची गाडी आदल्या रात्रीच सोडायची, रेड असेल तर गाडी वरच थांबवायची आणि सीएचएला (कस्टम एजंटला) लगेच फोन, की पुढच्या जहाजाची जागा धरून ठेव. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात शिरूच नका, दरड नसली तरी भुशी डॅमची गर्दी असतेच, लाँग वीकेंडला तर जड गाड्या अडवतातही.

रेल्वेने पाठवू का असंही तुम्ही खाली विचारलंय. तळेगावच्या आयसीडीवरून (बंदरापासून आत असलेला कंटेनर डेपो) जातं की, पण रुळही शेवटी त्याच सह्याद्रीवरून उतरतात. जुलै २०१५ ला आडोशी बोगद्यापाशी एक्स्प्रेसवेवर दरड आली आणि २०१९ च्या पावसाळ्यात कर्जत-लोणावळ्याच्या मधला रेल्वेघाट पुन्हा पुन्हा बंद पडला, तेव्हा रेल्वे हा पावसातला दुसरा रस्ता आहे असं समजू नका. ताम्हिणीतून चाळीस फुटी ट्रेलर घालायचा विचार तर मनातही आणू नका. खरा दुसरा रस्ता एकच, नाशिक-कसारा-भिवंडी, अंतर दुपटीहून जास्त आणि कसाऱ्यालाही पाऊस असतोच. ई-वे बिलाला (माल रस्त्याने नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, तेव्हा रस्ता बदलला किंवा गाडी अडकली की मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ते वाढवून घ्यायचं, कारणात नैसर्गिक आपत्ती आहे. हे ड्रायव्हर करत नाही, तुमच्या ऑफिसातल्या कुणालातरी करावं लागतं आणि नेमकं ते रात्री दोनला आठवतं.

अजून एक, तुमचं बिल एफओबी या विक्रीच्या अटीवर आहे असं दिसतंय. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची, म्हणजे घाटात उलटला, यार्डात भिजला, सगळं तुमच्या अंगावर. कंटेनरसाठी एफसीए ही अट जास्त बरी, सीएफएस किंवा टर्मिनलला डबा हातात दिला की सुटलात, पुढच्या ऑर्डरला बायरशी बोलून बघा. आणि एलसी (पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) असेल तर शिपमेंटची शेवटची तारीख दरड पडली म्हणून पुढे जात नाही, अमेंडमेंटच मागावी लागते, ती तारीख उलटायच्या आधी मागा.

प्रश्न : आम्ही भोसरीत मशीनिंग करतो, कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूर-शिरोलीहून येतं. माल बंदराला न्यायची काळजी सगळे सांगतात, पण कच्चा मालच आला नाही तर?

उत्तर : अगदी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. तिथे फाउंड्री चालू असून उपयोग नाही, माल निघतच नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत आठवडाभराचं जादा कास्टिंग इकडे ठेवा, पैसा अडकतो हे मान्य. सगळं ठेवणं जमत नसेल तर ज्या पार्टच्या एलसीची तारीख जवळ आहे तेवढ्याचं तरी ठेवा.

प्रश्न : आमचा कंटेनर कुठेही पाण्यात नव्हता, सील शाबूत होतं, तरी हॅम्बुर्गला पार्ट गंजलेले निघाले. इन्शुरन्स देईल का? (पिरंगुट)

उत्तर : पॉलिसी काढून बघा, मालाच्या विम्याच्या ए, बी, सी यांतलं कुठलं क्लॉज आहे. सी असेल तर डब्यात पाणी शिरल्याचंही मिळत नाही, बीमध्ये समुद्राचं, नदीचं पाणी शिरलेलं धरतात, ए सगळ्यात रुंद. पण एमध्येसुद्धा उशिरामुळे झालेलं नुकसान, अपुरं पॅकिंग आणि मालाच्या मूळ गुणाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं आणि गंजाच्या क्लेमला सर्व्हेअर नेमकं तिथेच बोट ठेवतो. जुलैत दार उघडं ठेवून, दमट हवेत, ओल्या लाकडी पॅलेटवर माल भरला की ती ओल मालासोबतच तिकडे जाते, पुढे थंडीत छताला थेंब धरतात आणि खाली गळतात.

म्हणून स्टफिंगच्या आधी डब्यात एक माणूस उभा करा, दोन्ही दारं लावा, दोन मिनिटं डोळे सरावू द्या. छतात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी डबा परत. (दार उघडायला बाहेर कुणीतरी ठेवा, त्याला चहाला पाठवू नका.) दारांचं रबर हाताने चाचपून बघा, फळी ओली आहे का बघा, पॅलेट सुकलेली घ्या, पार्टला व्हीसीआय (गंजरोधक) पेपर आणि वर डेसिकंटच्या (ओल शोषणाऱ्या) पट्ट्या टांगा. सगळ्याचे फोटो काढा, कंटेनर नंबर दिसेल असे, पुढे क्लेमला तेच कामी येतात. आताच्या मालाचं म्हणाल तर बायरला पॅकिंग फेकू नको म्हणून सांगा, सर्व्हे मागा आणि लाइनला लेखी कळवा. वरून न दिसणारं नुकसान डिलिव्हरीनंतर तीन दिवसांत कळवायचं असतं, ती मुदत गेली असेल तरी कळवा, पण मग डबा उतरतानाच माल खराब होता हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं.

प्रश्न : इम्पोर्टचा डबा बंदरात पडून आहे, घाट बंद आहे, डिटेन्शन माफ होतं का?

उत्तर : आपोआप नाही. रस्ता बंद असल्याची बातमी, पोलिसांची सूचना, ट्रान्सपोर्टरचा मेल जोडून लाइनला त्याच दिवशी लिहा. बंदराचं भाडं वेगळं, लाइनचं वेगळं, अर्ज दोन्हीकडे करायचा. महिनाभराने बिल आल्यावर भांडायला गेलात तर फार फार तर थोडी सूट मिळेल.