आध्यात्मिक वाचनासाठी नवीन लॅपटॉप घ्यावा, की पुस्तकंच बरी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही कॅथलिक आहात, रविवारची मिस्सा चुकत नाही, आता रोज अर्धा तास आध्यात्मिक वाचन सुरू करायचंय. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात, म्हणून नवा लॅपटॉप घ्यावासा वाटतो. पण देवाच्या नावाखाली पन्नास हजार घालवतोय की काय, ही बोचणी आहे. मी वसईची. गेल्या वर्षी याच घोळात तीन महिने काढलेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ सांगते. नुसत्या आध्यात्मिक वाचनासाठी लॅपटॉप घेऊ नका. दुसऱ्या कामाला लागतच असेल तर खुशाल घ्या.

मी ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. जुना लॅपटॉप दहा वर्षांचा झाला होता. त्याचं उजवं बिजागर तुटलेलं, झाकण मागे कलंडायचं. त्याला टेकू म्हणून मी घरातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक मागे उभं करून ठेवायचे, आणि ते होतं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’. आईने एकदा ते पाहिलं. ती कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत, जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पुस्तक काढलं आणि तिथे टॅक्सचं गाइड लावलं, पण मनात कुठेतरी ते लागलं होतं. वर्षभर बायबल माझ्या इतक्या जवळ होतं, नि कामाला येत होतं ते बिजागर म्हणून.

मग विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असं कळलं. आमच्या त्या म्हाताऱ्या यंत्राला विंडोज ११ झेपणारं नव्हतं. ऑगस्टपासून शोध सुरू केला. जेवणं उरकून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की साडेनऊ ते दहा हा माझा वाचनाचा वेळ. तेव्हा थॉमस अ केम्पिसचं ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’ पुन्हा वाचायला घेतलं होतं. पंधराव्या शतकातलं पुस्तक, प्रकरणं एवढीशी, एका बैठकीत एक सहज होतं. पहिल्या भागात २५ प्रकरणं आहेत. माझी खूण अडकली २० व्या प्रकरणात आणि नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहिली. त्या प्रकरणाचा विषय एकांत आणि मौनाची आवड! मी मात्र रोज साडेनऊला मोबाइल घेऊन बसायचे आणि दोन लॅपटॉपांची तुलना करणारे व्हिडिओ बघायचे. हा प्रोसेसर की तो, पडदा किती निट्सचा, चार्जर किती वॉटचा. मला यातलं काही कळत नव्हतं; तीन महिन्यांनी गरजेपेक्षा जास्त कळायला लागलं.

याच काळात इव्हाग्रियस भेटला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा हा तापस. माणसाच्या मनात येणाऱ्या आठ वाईट विचारांवर त्याने लिहिलंय. त्यातल्या एकाचं नाव ‘अकेडिया’. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सात पापांच्या यादीत त्याचं ‘आळस’ झालंय, पण तो शब्द तोकडा आहे. उबग म्हणा, चित्त कुठेच न लागणं म्हणा. या अकेडियाने धरलेला माणूस वाचायला बसला की काय करतो, याचं त्याचं वर्णन असं आहे: जांभया देतो, डोळे चोळतो, पुस्तकावरची नजर काढून भिंतीकडे लावतो, पुन्हा थोडं वाचतो, पानं मोजतो, अक्षराला आणि सजावटीला नावं ठेवतो, शेवटी पुस्तक मिटून उशाला घेतो, आणि झोपही धड लागत नाही, कारण भूक उठवते.

हे वाचताना मला अक्षरशः कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटलं. पानं मोजतो, अक्षराला नावं ठेवतो! सोळाशे वर्षांपूर्वीचा तो भिक्षू पडद्याचे रिव्ह्यूच तर बघत होता. तुम्ही विचारताय की नीट वाचता यावं म्हणून लॅपटॉप घेऊ का. माझ्या अनुभवात नीट वाचता यावं म्हणून जी तयारी चालते ना, तिच्यातच वाचन बुडतं.

आता पैशाच्या बोचणीबद्दल. असिसीच्या संत फ्रान्सिसची एक गोष्ट सांगतात. एका नवख्या बंधूला स्वतःजवळ स्तोत्रांचं पुस्तक हवं होतं. वरिष्ठांनी परवानगी दिलेली, तरी त्याला फ्रान्सिसच्या तोंडून होकार ऐकायचा होता. त्या काळी पुस्तक म्हणजे हातांनी लिहिलेलं, महागामोलाचं. फ्रान्सिस म्हणाला, आज स्तोत्रांचं पुस्तक मिळालं की उद्या तुला प्रार्थनाग्रंथ हवा होईल, आणि तो मिळाला की मोठ्या धर्माधिकाऱ्यासारखा खुर्चीत बसून दुसऱ्या बंधूला म्हणशील, ‘जा रे, माझा प्रार्थनाग्रंथ घेऊन ये.’ मला ही गोष्ट आवडते कारण ती खरी लागू पडते. लॅपटॉप ठरला की बॅग हवी, बॅग झाली की स्टँड, मग वेगळा माउस, मग तळाशी पंखा असलेलं ते कूलिंग पॅड. माझ्या यादीत या सगळ्या वस्तू होत्या. वाचनासाठी!

पण एवढ्यावरून लॅपटॉप घेणं पाप ठरत नाही. आपण फ्रान्सिसचे बंधू नाही, घरसंसारातली माणसं आहोत. फ्रान्सिस नावाचाच दुसरा संत, जिनिव्हाचा बिशप फ्रान्सिस दि सालस, याने १६०९ साली खास संसारी लोकांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, बिशपने मठातल्या एकांतवासी साधूसारखं राहायचं ठरवलं, किंवा बायकोमुलं असलेल्या माणसाने कपुचिन साधूंसारखं काहीच साठवायचं नाही म्हटलं, तर ते हास्यास्पद होईल. ज्याची त्याची भक्ती ज्याच्या त्याच्या धंद्याला शोभणारी हवी. माझ्यासारखीला पेपर सेट करायला, गुण भरायला, धर्मग्रामाचं (पॅरिशचं) मासिक पत्रक टाइप करायला यंत्र लागतं. सुताराला रंधा लागतो तसं. त्यात बोचणी कसली? ती हवी कूलिंग पॅडपाशी.

सप्टेंबरात, म्हणजे ऐन शोधाच्या काळात, ७ तारखेला रोममध्ये कार्लो अक्युटिसला संतपद जाहीर झालं. २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला मुलगा, कॉम्प्युटरवेडा, मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइट बनवली होती. आमच्या गल्लीतली एक मावशी मला म्हणाली, ‘अगं, आता ह्याच्याकडेच माग की लॅपटॉप.’ मी मागितला नाही. पण तो व्हिडिओ गेमला आठवड्यात एकच तास द्यायचा असं सांगतात, हे मात्र मुलाला ऐकवून झालं. मुलाने ऐकलं नाही.

शेवटी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुकानात जाऊन तासाभरात घेतला. ५२ हजार. मग प्रश्न आला, त्यावर काय वाचायचं.

माझा घोटाळा असा होता की वाचन म्हणजे एकच प्रकार, असं मी धरून चालले होते. बाराव्या शतकात ग्विगो नावाचा कार्थुसियन, म्हणजे एकांतात राहणाऱ्या साधूंच्या संघाचा, मठपती होऊन गेला. पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या त्याने सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. त्याचं म्हणणं, वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव कळते, आणि चिंतन म्हणजे तो गोडवाच. जुने मठवासी यासाठी रवंथ हाच शब्द वापरायचे, गाईगुरांचा. आता रवंथ करणारी गाय डोळ्यांसमोर आणा. बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, शेपटी तेवढी हलतेय. कोपऱ्यात ईमेल आल्याचं सांगणाऱ्या पडद्यासमोर हे होत नाही. मला तरी जमलं नाही. नोटिफिकेशन बंद करून पाहिलं, वायफाय बंद करून पाहिलं. एका ओळीपाशी थांबले की बोट आपोआप पान खाली ओढतं. हाताला दुसरी सवयच नाही. म्हणून शुभवर्तमान, स्तोत्रं, केम्पिस हे कागदावरच. एका वेळी एकच पुस्तक. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत (४८ वं प्रकरण) उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येक साधूला मठाच्या संग्रहातून एक पुस्तक मिळायचं आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायचं अशी आज्ञा आहे. शिवाय वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठ साधूंनी मठात फेरी मारून कोणी आळसावत किंवा गप्पा छाटत बसलंय का ते बघायचं! आमच्या घरी ही फेरी आई मारते.

अभ्यासाच्या वाचनाला मात्र लॅपटॉपसारखं काही नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात (कॅटेकिझममध्ये) २८६५ परिच्छेद आहेत आणि एकातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारे आकडे जागोजागी. छापील प्रतीत बोटं अडकवून अडकवून पुस्तक खिळखिळं होतं, इथे शब्द टाकला की सापडतो. आणि जुनी पुस्तकं! फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ घ्या. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट संघाचा धर्मगुरू, गोव्यात येऊन मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्या रचतो आणि १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं जातं, तेही रोमन लिपीत. सतराव्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन लिपीतच आहे. तिची स्कॅन केलेली पानं मी एका खिडकीत उघडते, शेजारच्या खिडकीत देवनागरीत ओव्या टिपून घेते. मोठ्याने वाचल्याशिवाय तो मजकूर लागत नाही, रोमन अक्षरं डोळ्यांना परकी आणि कानाला मात्र थेट आजीच्या वळणाची. हे सुख मोबाइलवर नाही आणि कागदावरही नाही.

लॅपटॉप घेणारच असाल तर वाचणाऱ्याच्या नजरेने थोडंसं सांगते, बाकीचं दुकानदार सांगेलच. पडदा आधी बघा. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर देवनागरीचे हाल व्हायचे. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळायचे, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसायचे. आता १४ इंचात १९२० बाय १२०० घेतलाय, उंचीला थोडा जास्त, त्यामुळे पान बरंच मावतं. चकचकीत काचेचा नको, मॅट घ्या, नाहीतर ट्यूबलाइट वाचत बसाल. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही, हे विचारूनच घ्या. एका दुकानात मला ८ जीबीचं मॉडेल ‘नंतर वाढवून देऊ’ म्हणून दाखवलं होतं, घरी येऊन माहिती काढली तर त्यात वाढवायला जागाच नव्हती. मी १६ घेतली. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका, स्तोत्रसंहितेला ते लागत नाही.

जुन्या यंत्रात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइली असतील तर ते यंत्र भंगारात देण्याआधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या. मी केल्या नाहीत. आमच्या धर्मग्रामाच्या पत्रकाचे सहा वर्षांचे अंक नव्या लॅपटॉपवर उघडले, तर मराठीच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी. शेवटी जुना लॅपटॉप पुन्हा काढला, मागे टॅक्सचं गाइड लावलं आणि एकेक अंक सोडवला. महिना गेला.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. लॅपटॉपवर आध्यात्मिक वाचन होत नाही असं मी वर म्हटलं, ते माझ्यापुरतं. आई ८१ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. छापील बायबल तिने दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं, अक्षर लागत नाही म्हणून. एका दुपारी मी स्तोत्र ७१ पडद्यावर मोठं करून दिलं, इतकं मोठं की पाचसहा ओळीच मावतील. म्हातारपणी मला टाकू नकोस म्हणणारं ते स्तोत्र. ती पाऊण तास त्या पाचसहा ओळींवरच होती. तिला खाली कसं सरकायचं माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.

आता रोज चारला तिची पाळी असते. हातात रोझरी असतेच, तो हात टेकतो नेमका टचपॅडवर, मग पान उडतं, कुठल्या कुठे जातं, कधी स्तोत्रांच्या जागी माझी गुणपत्रकं उघडतात. म्हणून टचपॅड बंद करून टाकलं आणि वेगळा माउस आणला, तोच, ज्याला मी वर हसले होते. ४०० रुपयांचा आहे. घरात कोणी वयस्कर असेल तर तो यादीत ठेवा.