एक जागा धरून राहा

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू निंभोऱ्याच्या, रुळांशेजारच्या बांधावर तासभर माझ्या शेजारी बसलास. त्यातला अर्धा वेळ मोबाइलमधली दुसऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात गेला आणि उरलेला, "काका, आपल्याकडे सगळेच सपाट, इथे मालगाडीचा फोटो काढून काय हाती लागणार?" हे निरनिराळ्या शब्दांत विचारण्यात. कसारा घाटात जावे, हप्त्यांवर मोठी लेन्स घ्यावी, की हा नादच सोडावा, असे तीन प्रश्न तू ठेवून गेलास. तिन्हींचे उत्तर मी तेव्हाच दिले होते आणि तुझे तोंड वाकडे झाले होते, म्हणून लिहून पाठवतो: एक जागा धर आणि ती सोडू नकोस.

घाट मीही पाहिला आहे. कसारा ते इगतपुरी सदतिसास एक असा चढ, गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने, बोगदे, पावसाळ्यातले धुके. तिथे कोणाचाही फोटो बरा येतो, कारण निम्मे काम डोंगर करतो. आपल्याकडे रूळ, खडी, तारा आणि दोन्ही बाजूंना केळी. जे करायचे ते तुलाच करावे लागते.

आता आपल्या जागेचेच बघ. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी लाइन या भागात साधारण ईशान्येला जाते. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे कलून मावळतो, म्हणून डिसेंबरात चार-साडेचारला रावेरकडून येणाऱ्या इंजिनाच्या तोंडावर थेट ऊन पडते, काचेमागचा लोको पायलटही दिसतो. मे महिन्यात हेच उलटे होते. सकाळी सूर्य ईशान्येच्या बाजूने वर येतो आणि भुसावळहून निघालेल्या गाडीचे तोंड उजळते. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही. एकाच बांधावर बारा महिने उभा राहिलो तेव्हा कळले, आणि तेही पहिले दोन हिवाळे चुकीच्या बाजूला उभे राहून वाया घालवल्यावर.

कानांचेही तसेच आहे. मेल-एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी मालगाडी सिग्नलला थांबवली, की ती पुन्हा सुटताना ऐक. वॅग-५, म्हणजे मालगाडीचे जुने विजेचे इंजिन, असेल तर टॅप चेंजरचे, म्हणजे वीज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या यंत्राचे, खटके एकेक करून चढतात. त्यानंतरच्या पिढीतले, जुन्या घडणीचे वॅग-९ असेल तर कोणी हार्मोनियमवर पायरी-पायरीने वर जावे तसा सूर चढतो. ३,८५० अश्वशक्तीची वॅग-५ १९८४ पासून बनू लागली; मग ५,००० अश्वशक्तीची वॅग-७ आली, सहा हजारांच्या घरातली वॅग-९ आली आणि मे २०२० मध्ये बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्याचे, दोन जोडभागांचे, १२,००० अश्वशक्तीचे वॅग-१२ मालवाहतुकीत उतरले. ही सगळी इंजिने त्याच एका चौकटीत, त्याच पळसाच्या झाडाशेजारी माझ्याकडे आहेत. ओळीने लावली की चाळीस वर्षांचा बदल दिसतो. चाळीस ठिकाणचे चाळीस सुंदर फोटो लावून काय दिसेल? चाळीस ठिकाणे.

एका गोष्टीबद्दल मात्र रागावूनच लिहितो. कंटेनरची गाडी आली तेव्हा तू बांध सोडून खडीपर्यंत धावलास. जागा धर म्हणतो तेव्हा रेल्वेच्या हद्दीबाहेरची जागा, हे निराळे सांगायला हवे होते का? रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १४७ अशा घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. पण कायदा राहू दे. वारा उलटा असला तर विजेचे इंजिन अगदी अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच परधाड्याजवळ, आगीच्या अफवेने खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली सापडले. तिथले लोक घाबरून उतरले होते. तू फोटोसाठी उतरलास.

तू हुशार आहेस, म्हणून माझ्या बोलण्यातली फट तुला सापडेलच. त्याआधी मीच दाखवतो. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी माझ्या घरापासून दिवसाभरात जाऊन येण्यासारखी होती. जाऊ एखाद्या रविवारी, असे मी वर्षानुवर्षे म्हणत राहिलो. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. पाचोऱ्याला नात्यात लग्नाला गेलो होतो, तेव्हाही कॅमेरा घरीच होता. हा माझ्या तत्त्वाविरुद्धचा पुरावा आहे, असे तू म्हणशील. असू दे. एकदा जाऊन काढलेल्या एका फोटोने त्या गाडीबद्दल मला काय कळले असते, असे मी स्वतःला विचारतो, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न रात्री विचारला की तितकासा पटत नाही.

बँकेत असताना दोनदा बढती आली, दोन्ही वेळा बदलीसह. दोन्ही वेळा नाही म्हणालो. घरात सांगितले आईच्या प्रकृतीचे कारण, आणि ते खोटे नव्हते; पण दुसऱ्या वेळी आई ठणठणीत होती. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा पुढे माझा साहेब झाला. लोकांना वाटते मी घाबरलो. मी जागा सोडली नाही, इतकेच. केळीवाले आप्पा अजूनही जाता-जाता विचारतात, "काय पाहून ऱ्हायले भो, तीच गाडी ना?" मी हो म्हणतो. आप्पाही त्याच बागेत तीच केळी चाळीस वर्षे लावतात, पण हे मी त्यांना बोलून दाखवत नाही.

तेव्हा लेन्स राहू दे. आहे त्या कॅमेऱ्याने वर्षभर एकाच ठिकाणाहून काढ. प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ आणि इंजिनाचा नंबर लिही. जागा माझीच असायला हवी असे नाही. वरणगावकडे नागपूर लाइनवर कोळशाचे रेक, म्हणजे कोळशाच्या मालगाड्या, जास्त मिळतील, तिकडे बघ. पण वर्षभर तिथेच. मार्चमध्ये कंटाळा येईल, जूनमध्ये माझा राग येईल.

या रविवारी मी साडेतीनला बांधावर असेन. बागेला पाणी सोडलेले असते, चिखल होतो. चप्पल घालून येऊ नकोस.

तुझा,
काका