मोजणी लिहून ठेवा

प्रश्न : इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत, चौकडीचं शर्टिंग काढतो. मुलगा एडिनबरात शिकतो. तिथे टार्टनची, म्हणजे स्कॉटिश रंगीत चौकडीच्या कापडाची, सरकारी नोंदवही आहे म्हणतो. आमच्या आडनावाचं टार्टन त्यात नोंदवता येईल का? आणि उद्या दुसऱ्या कुणी तेच कापड काढलं तर?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येईल. अर्ज कुठल्याही देशातून करता येतो. स्कॉटलंडच्या संसदेनं 2008 मध्ये त्यासाठी कायदा केला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नोंदवही सुरू झाली. ती तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार सांभाळतं. तुमची चौकडी आधीच्या नोंदींहून पुरेशी वेगळी हवी आणि नावाशी तुमचा संबंध दाखवता आला पाहिजे. आडनाव तुमचंच आहे, तेव्हा ती अडचण नाही. स्कॉटिश कुळाचं नाव हवं असेल, तर मात्र कुळप्रमुखाची संमती लागते.

अर्जाचा जीव म्हणजे धाग्यांची मोजणी. समजा, निळे 24, काळे 6, हिरवे 20. शेवटच्या रंगापासून उलटं फिरायचं आणि ताण्यात (उभ्या धाग्यांत) जो क्रम तोच बाण्यात (आडव्या धाग्यांत) धरायचा. तीन रंगांतून कापडावर सहा छटा उमटतात, चार घेतले तर दहा. एवढं कागदावर असलं की दोनशे वर्षांनीही ते कापड पुन्हा मागावर चढवता येतं. वर्गात विणकाम शिकवताना मी याच एका गोष्टीसाठी मुलांच्या मागे लागायचे.

त्याला कारण आहे. 1746 च्या कायद्यानं स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातल्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1815 च्या सुमारास लंडनच्या हायलँड सोसायटीनं कुळप्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपलं टार्टन कोणतं हे अनेकांना सांगताच येईना! जुन्या चौकड्या आज नेमक्या विणता येतात, त्याचं मोठं श्रेय स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्न गावच्या विल्सन विणकरांना आहे. ग्राहकांच्या मागण्या पुरवायच्या म्हणून त्यांनी 1819 च्या नमुनावहीत रंग आणि धागे लिहून ठेवले होते. कुळांची म्हणून ओळखली जाणारी कितीतरी टार्टन एकोणिसाव्या शतकातलीच आहेत. त्यानं मला ती कमी मोलाची वाटत नाहीत. नोंदवहीत तारीख असते, चौकडी कुठून आली तेही बऱ्याचदा दिलेलं असतं, आणि वारसा असाच खरेपणानं जपावा असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. या नोंदीनं मालकी हक्क मिळत नाही. दुसऱ्यानं तेच विणलं तर ही नोंदवही त्याला अडवणार नाही. कापड कुठे विणायचं याचंही बंधन नाही. हॅरिस ट्वीड या स्कॉटिश लोकरी कापडाची गोष्ट वेगळी : 1993 च्या कायद्याप्रमाणे ते आउटर हेब्रिडीज बेटांवरच, विणकराच्या घरी, हातानं विणावं लागतं. तुमचं टार्टन तुमच्याच यंत्रमागावर निघालं तरी चालेल.

हक्क हवा असेल तर आपल्याकडे डिझाइन कायदा, 2000 आहे. संरक्षण दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण अर्जाआधी नक्षी कुठेही प्रसिद्ध झालेली चालत नाही, आणि स्कॉटलंडची नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. म्हणून आधी इथला अर्ज भरा, मग तिथला. विणलेला तुकडाही तिकडे पाठवा. ते तो जपून ठेवतात. तुमच्या वहीत मात्र सुताचा काउंट (जाडीचा आकडा) आणि रंगाचा शेड नंबरही मोजणीशेजारी लिहा.