फौजदारी निकालाची वाट पाहू नका, दावा आधी दाखल करा

तुम्ही पत्रात लिहिल्याप्रमाणे, तुमचे मेहुणे दुचाकीवरून घरी येत असताना मालवाहू टेम्पोच्या धडकेत गेले, त्याला आता नऊ महिने होत आले. बहीण, तिची दोन मुले आणि सासूबाई हे त्यांच्यावर अवलंबून होते. टेम्पोचालकावरील खटल्याचा निकाल लागल्यावरच भरपाई मागायची, असे गावातल्या जाणत्या मंडळींनी सांगितले म्हणून तुम्ही थांबलात. हाच सल्ला ऐकून थांबलेली कुटुंबे मला वारंवार भेटतात आणि दर वेळी तितकाच संताप येतो, कारण या दोन प्रकरणांचा असा काहीही संबंध नाही. चालक फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचा निष्काळजीपणा स्वतंत्रपणे तपासते, आणि तेथे संशयातीत पुरावा लागत नाही.

तुमचे सारे प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) वर उभे आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणे बंधनकारक झाले आहे आणि उशीर माफ करण्याची तरतूद त्या कलमात नाही. मात्र या मुदतीला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल असून, तिचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर आणखी महिनाभर घालवणे म्हणजे बहिणीचा हक्क पणाला लावणे होय.

दुसरा आधार पोलीस ठाण्यात मिळू शकेल. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि कलम १६६(४) नुसार असा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानता येतो. तो कोणत्या तारखेला पाठवला, हे उद्याच लेखी अर्ज देऊन विचारा. वेळेत गेला असेल तर मुदतीचा प्रश्न बराच सौम्य होईल. न्यायाधिकरण त्याकडे कसे पाहील, याची हमी मात्र मी देऊ शकत नाही.

विमा कंपनीचा माणूस पाच लाखांवर सही मागतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती कलम १६४ खालची, चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम आहे आणि ती कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने स्वीकारली की चालकाची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. मेहुणे ३८ वर्षांचे होते व विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगच्या दुकानातून महिन्याला २०,००० रुपये मिळवत होते, हे सिद्ध झाले तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे त्यात भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के वाढ धरून २८,००० होतात. चार अवलंबितांमुळे स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा जाऊन महिन्याला २१,००० म्हणजे वर्षाला २,५२,००० उरतात आणि त्या वयासाठी ठरलेल्या १५ या गुणकाने गुणल्यावर केवळ अवलंबित्वाचे नुकसान ३७,८०,००० रुपये भरते. चूक थोडी मेहुण्यांचीही ठरली तर आकडा त्या प्रमाणात खाली येईल, तरी पाच लाखांवर घाईने सही करण्याचे कारण दिसत नाही.

दुकानाची जुनी बिलवही, तांब्याच्या तारेच्या खरेदीच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक आजच एका जागी ठेवा, कारण उत्पन्न सिद्ध झाले नाही तर न्यायाधिकरण अंदाजाने बरीच कमी रक्कम धरते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि टेम्पोच्या विमा पॉलिसीची प्रत जोडा. बहीण जेथे राहते तेथील न्यायाधिकरणातही दावा चालतो, त्यामुळे अपघात झालेल्या जिल्ह्यात हेलपाटे घालण्याची गरज नाही. एखादा कागद मिळायचा राहिला असेल तर तो नंतर दाखल करता येईल. अर्ज मात्र याच आठवड्यात न्यायाधिकरणात नोंदवून घ्या.