शनिवारी निघालात तर सोमवारची दुपार उजाडेल

लंडन ते ऑकलंड अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो, आणि फेब्रुवारीत शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी नव्या नोकरीवर हजर होता येईल का, असं तुम्ही विचारलंत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही जमणार.

हिशेब बघा. शनिवारी रात्री नऊला निघालात आणि मधला थांबा धरून २६ तास लागले, तर लंडनच्या घड्याळात रविवारचे रात्रीचे अकरा वाजतील. फेब्रुवारीत ऑकलंड १३ तास पुढे असतं, म्हणजे तिथे सोमवारचे दुपारचे बारा. (जूनमध्ये फरक ११ तासांवर येतो.) तुमचा रविवार विमानात आणि विमानतळावरच जाणार. गुरुवारी रात्री निघा. मी तर बुधवार म्हणेन, कारण पहिले दोन दिवस रात्री दोनला टक्क जाग येते.

अंतर सुमारे १८,३०० किलोमीटर, पण ते पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं. तो दोरा उत्तर ध्रुवाजवळून जाऊन पॅसिफिकवर उतरतो! त्या वाटेने तुम्हाला कोणी नेणार नाही. थेट विमानच नाही. सिंगापूरमार्गे १०,९०० अधिक ८,४०० किलोमीटर पडतात, साधारण १३ तास आणि १० तास. दोहामार्गे आधी साडेसहा तास, मग सलग सोळा. बेरजेत फारसा फरक नाही, पण पाठीला कळतो. दोह्याहून जाताना समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान बघून मी झोपलो, उठलो, जेवलो, तरी ते हिंदी महासागरावरच. तेव्हापासून मी सिंगापूरवालाच. परतीला वारा समोरून असतो, तासभर जास्त धरा.

लॉस एंजेलिसमार्गे स्वस्तात मिळालं तरी सांभाळून. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो.

तिकीट मात्र एकच काढा. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून दोन वेगवेगळी काढली होती. पहिलं विमान अडीच तास उशिरा पोचलं, मी पट्ट्यापाशी बॅगांची वाट बघत उभा, तोवर दुसऱ्याचं चेक-इन बंद. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "ते विमान आमचं नव्हतं." नवं तिकीट खिशातून. एकाच तिकिटावर असतो तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांच्याकडे लागलं असतं. लंडनला बॅगेच्या टॅगवर एकेएल (ऑकलंडचा कोड) छापलंय ना, एवढं स्वतः बघून घ्या.

उतरल्यावर आणखी तासभर जातो. पिशवीत खाण्याचं काहीही असेल तर तिथे जाहीर करा. विमानातून चुकून सोबत आलेलं सफरचंदसुद्धा ४०० न्यूझीलंड डॉलरला पडू शकतं.